पंचशीलाचा न मिटणारा डोळा

हे मी रचून सांगत नाही. माझ्या सख्ख्या सिंधुमावशीनं हे स्वतः पाहिलंय, आणि मावशी उगाच काही बोलणारी बाई नाही.

१९८६ चा मे महिना. लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती. पावसानं पाठ फिरवलेली. मावशी तेव्हा तिथल्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात नर्स होती.

उदगीरची पंचशीला तिथं भरती झाली. वय सव्वीस. नव्या जिल्हा कचेरीत टायपिस्ट. पापण्या जड, म्हणून लोक तिला 'झोपाळू' म्हणायचे. कंटाळून तिनं हैदराबादला जाऊन पापण्यांची जादा कातडी कापून घेतली. पण उजव्या पापणीचा व्रण आवळत गेला. पापणी वर ओढली गेली.

डोळा मिटेना. झोपेतसुद्धा.

"बुबुळ कोरडं पडलंय," डॉक्टर म्हणाले. "व्रण सोडवून कानामागची कातडी लावू. उशीर केला तर डोळा जाईल."

त्याच दुपारी मावशी मलम घालायला गेली. पंचशीला गाढ झोपलेली. डावा डोळा मिटलेला, उजवा अर्धा उघडा.

आणि तो उघडा डोळा... हलत होता.

दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून परत दारापर्यंत. सावकाश... चालणाऱ्या माणसावर नजर ठेवावी तसा.

मावशीनं मागं वळून पाहिलं.

कुणीच नव्हतं.

पंचशीला उठल्यावर मावशीनं विचारलं, "झोपेत काय बघता, ताई?"

तिनं आधी दाराकडं पाहिलं.

"एक बाई हाय, सिस्टर. डोळा मिटंना झाला तवापासून झोपेत दिसायली. मी बघत असले की लांबच फिरती. जवळ येत न्हाई."

"मग आपरेशन नको?"

"डोळा गेला तर टायपिंग कसं करू?"

आपरेशन झालं. नवी कातडी हलू नये म्हणून डॉक्टरांनी त्या डोळ्याच्या पापण्या आठ दिवसांसाठी एकमेकींना शिवल्या. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची आई सरजाबाई टँकरवर पाणी आणायला गेली. मावशी खाटेजवळ बसली. लाईट गेली. पंखा थांबला.

मग आवाज आला...

अनवाणी पावलांचा.

दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून दारापर्यंत.

मग खाटेकडं...

थांबला.

"सिस्टर," पंचशीला हळूच म्हणाली, "तुमी डाव्या बाजूला बसल्या ना?"

"हाव."

"मग माझा उजवा हात कुणी धरला?"

मावशीनं पाहिलं. हात चादरीवर पडलेला. मनगटावर चार बोटांचे खड्डे... आणि ते खोल होत होते.

मावशीनं तिला दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढलं. सरजाबाई येईपर्यंत सोडलं नाही.

आठ दिवसांनी टाके निघाले. डोळा छान मिटत होता. डॉक्टर खूश. निघताना मावशीनं तिला बाजूला घेऊन विचारलं, "ती बाई गेली ना?"

"न्हाई," पंचशीला म्हणाली. "हाय. पण आता कुठं हाय, ते दिसंना."

मावशी आता नांदेडला असते. दुपारी कधीच आडवी होत नाही. विचारलं तर म्हणते, उन्हाळ्यात झोप येत न्हाई मला.

पण हिवाळ्यातही ती जागीच असते... भिंतीला पाठ लावून.