हालास्टाची घरं

टॉर्किलचं सकाळपासून एकच पालुपद चाललं होतं. बटाटे सोलताना तेच, बूट पुसताना तेच.

"आज बंगल्यावर गोड काहीतरी वाच, इफी. समुद्र, पक्षी, असलं. घर मालकाच्या इस्टेटीचं आहे, माझं नाही. करार वाढवायचा की नाही, ते त्यांच्या हातात आहे."

"बाप ह्याच घरात मेला आपला."

"मेला, पण भाडं भरून मेला." भावानं बूट आपटला. "सगळं जग फिरलीस, पण गप्प बसायला कुठल्या देशानं शिकवलं नाही तुला!"

"शिकवणारे पुष्कळ भेटले रे. मीच ढ."

इफी मॅकास्किल खरंच जग फिरली होती. डाकारच्या बंदरात, वाल्पराइसोच्या चढांवर, तिबिलिसीच्या गारठलेल्या सभागृहात तिनं आपल्या गेलिक भाषेतल्या कविता म्हटल्या होत्या. त्यातली एक सगळीकडे ठरलेली, हालास्टाची. हालास्टा म्हणजे हेब्रिडीजमधल्या तिच्या बेटावरचं पणजोबांचं गाव. मेंढ्यांना कुरण हवं म्हणून बेटाच्या तेव्हाच्या मालकानं छपरं जाळली आणि माणसं जहाजात कोंबून कॅनडाला धाडली. पणजोबा तेवढे खडकांत लपून राहिले. कवितेत फक्त घरांची नावं होती, आणि ती म्हणायची बापाच्या रीतीनं. बाप चर्चमध्ये ओळ घालायचा. एकट्यानं ओळ म्हणायची, मग सगळ्यांनी ती आपापल्या वळणानं ताणत परत द्यायची. परत आल्याशिवाय पुढची घालायची नाही.

जगभर टाळ्या मिळाल्या. ओळ कुणी परत दिली नाही.

आता त्याच हालास्टाच्या उतारावर नव्या मालकानं, ॲशकोम साहेबानं, शिकारी पाहुण्यांसाठी बंगला बांधला होता. पडक्या घरांचेच दगड उचलून. वर उद्घाटनाला बेटाची कवयित्री हवी! जिथून माणसं हाकलली तिथं हरणं मारायला यायचं, आणि त्याला कवितेची फोडणीही लागते ह्यांना.

दुपारी बंगल्याचा दिवाणखाना भरला. बाहेर लख्ख ऊन, वारा पडलेला. इस्टेटीचा मॅनेजर प्रिंगल तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, आटोपशीर ठेवा. सूप गार होतंय."

टॉर्किल दाराशी टोपी चुरगळत उभा होता. इफीनं त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. एका दगडावर कुणाच्या तरी चुलीची काजळी तशीच होती. ती घासून काढायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

समुद्राची कविता तिनं घडी घालून पिशवीत टाकली आणि ओळ घातली.

"इव्हानच्या डोनाल्डचं घर."

दूरवर लाट फुटावी तसा हलका घुमारा आला. प्रिंगल खिडक्या लावायला गेला. खिडक्या बंदच होत्या.

"विणकर मारीचं घर."

या वेळी शब्द कळले. ओळ परत येत होती, ताणत, वळणं घेत, भिंतीच्या आतून. एक म्हातारा आवाज मागे पडत होता. एक पोर घाईनं पुढे पळत होतं. पाहुण्यांना वाटलं, स्पीकर लपवलेत. त्यांनी हसून टाळ्या वाजवल्या.

भिंतीला टेकलेली एक बाई झटकन बाजूला झाली. "गरम आहे ही," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

इफीची नजर दाराकडे गेली. आयुष्यभर जे मागितलं, ते समोर आल्यावर पळून जावंसं वाटत होतं.

"बस कर, इफी!" टॉर्किल ओरडला. "घर जाईल गं!"

"अर्ध्यात सोडून बाप कधी खाली बसला होता?"

"थांबवा हे," प्रिंगल म्हणाला.

"तुम्हीच थांबवा. ते माझ्या पगारावर नाहीत."

तिनं छाती भरून श्वास घेतला.

"आंधळ्या नीलचं घर."

उत्तर आलं. टेबलावरच्या प्याल्यांतली दारू थरथरत राहिली.

"दाई केटचं घर."

उत्तर आलं, अगदी कानाशी.

शेवटचं नाव तिनं घालायच्या आधीच भिंतीतून आलं. मॅकास्किलांचं घर. आणि ते आवाज थांबले. वाट पाहत.

आता ओळ तिनं परत द्यायची होती. तिनं ओळ उचलली. मागून दुसराच आवाज लागला, भसाडा, बेसूर. टॉर्किल टोपी काढून गात होता. दोघांनी मिळून ओळ पुरी केली.

मग काहीच नाही. फक्त ऊन.

"टॉर्किल," प्रिंगलच्या तोंडातून कसेबसे शब्द निघाले, "घराची किल्ली उद्या ऑफिसात आणून दे."

"उद्या कशाला?" टॉर्किलनं किल्ली सुपाच्या ताटलीशेजारी टाकली. "चल गं."

बाहेर पडून तो दार ओढून घेऊ लागला.

"दार लोटू नकोस."

बोलणं गेलिक होतं, जुन्या वळणाचं. टेबलाच्या टोकाला ॲशकोम साहेब बसला होता. बेटावर येऊन इतके दिवस झाले तरी त्याच्या जिभेवर गेलिकचा एक शब्द बसला नव्हता. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. त्यांच्या पलीकडे, रिकाम्या उताराकडे पाहत होता.

"उघडंच राहू दे," तो म्हणाला. "पोरं अजून चढ चढतायत."