तिसरं विमान

हेमंत सुट्टीवर अंबरपेठला घरी आला होता. एका दुपारी माधवी वांग्याच्या भाजीत मीठच घालायला विसरली. तो मुकाट जेवला.

"अहो, जीभ तिकडंच ठेवून आलात की काय?"

"चांगली झालीय की भाजी."

तिकडं म्हणजे पश्चिम आफ्रिकेत. एका छोट्या देशाच्या वायुदलाची तीन विमानं हेमंत सांभाळायचा. दोन उडायची. तिसरं कायमचं उभं. नवे सुटे भाग वेळेवर येत नसत, म्हणून त्याचेच काढून त्या दोघांना घालायचे. खंडेनवमीला हेमंतनं तिघांनाही हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्याची त्याला माया आली. त्याच्या पुढच्या चाकाला दोरा बांधला आणि उरलेला, न तोडताच, आपल्या मनगटाला गुंडाळला. घटकाभर दोघं एका दोऱ्यात उभी होती. हे त्यानंच हसत सांगितलं होतं, हसायचा तेव्हा.

सुट्टीतही तिथला मेकॅनिक कोमी फोन करायचा. त्या दिवशी सकाळीच त्यानं विचारलं होतं, "साहेब, दोन नंबरचा पंप गेला. तीनचा काढू?"

"काढा."

पुढचा फोन तीनच्या हीटरसाठी आला. संध्याकाळी हेमंतनं तापलेला तवा उघड्या हातानं उचलून बाजूला ठेवला. तळवा पांढरा पडला, तरी तो पेपर वाचत राहिला.

माधवीनं मलम लावलं. "दर फोनला तुमचं काहीतरी जातंय. आता नाही म्हणा."

"नक्को गे, असलं काही बोलू. पूर आलाय तिकडं. दोन नंबरच औषधं नेतंय."

"आणि मी?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. भिंतीकडं पाहावं तसं.

तिसरा फोन वाजला. तिनं त्याचं मनगट धरलं. सावलीतल्या पत्र्यासारखं गार.

"साहेब, दोनचा रेडिओ बंद पडला. तीनचा..."

"नाही म्हणा. माझ्या गळ्याची शपथ."

"काढा," हेमंत म्हणाला.

खाली गल्लीत मोगरेवाली ओरडत गेली.

"अहो, एकदा नावानं हाक मारा."

त्याचे ओठ हलले. नुसती हवा आली.

रात्री पुन्हा फोन. माधवीनं घेतला.

"मॅडम, साहेबांना सांगा, रेडिओ लागला!" कोमी इंग्रजीत म्हणाला, मग घुटमळला. "पण कुठलंही चॅनल लावा, कुणीतरी एकच शब्द बोलतंय. साहेबांना विचाराल?"

"काय?"

"माधवी म्हणजे काय?"