तीन बोटांची सुंठ

मे महिन्यातल्या भर दुपारी मी हैदराबादच्या चिक्कडपल्लीत बर्फ आणायला गेले होते. हॉस्पिटलमध्ये बर्फाचं यंत्र होतं, पण वीज सारखी जात होती आणि ते यंत्र रुसून बसलं होतं. लादी फोडता फोडता बर्फवाल्याने विचारलं, "इत्ता बरफ? शादी है क्या, अम्मा?"

मी नुसतं "हौ" म्हणाले. खरं काय सांगणार? नवऱ्याला गार करायचंय म्हणून?

सुधीरला आदल्या दिवशी ऑफिसमध्ये झटका आला होता. नव्व्याण्णव साल ते. वाय-टू-केच्या कामापायी तिथली माणसं कॉम्प्युटरसमोरच जेवायची. हा जेवता जेवताच उजवीकडे कलंडला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डॉक्टर श्रीकांत नुकतेच अमेरिकेतून परतलेले. ते म्हणाले, "शरीर गार ठेवलं की मेंदूची भूक कमी होते, उरलेला भाग तगतो. नवीन आहे हे, पण करून पाहू. ऊब द्यायची ती मात्र आम्हीच, तीही सावकाश. एकदम गरम झाले तर मेंदू सुजेल. मग माझ्या हातात काही नाही."

तेव्हापासून सुधीर बर्फाच्या पिशव्यांमध्ये निजला होता. तोंडात नळी, ओठ जांभळे. माझ्या नणंदेने, इंदुताईंनी, त्याच्या पायाला हात लावला आणि त्यांना रडूच फुटलं. "गार पडला गं माझा भाऊ!" आमच्यात माणूस गार पडू लागला की तळपायांना सुंठ चोळतात. ताईंच्या पिशवीत सासूबाईंची सुंठेची डबी होतीच. माझी पाठ वळली आणि त्यांनी चोळलीही. सिस्टर पद्मावतीने पाहिलं, पाय पुसले आणि ताईंना बाहेर काढलं. डबी मी माझ्या पर्समध्ये टाकली. गच्च भरलेली होती.

बर्फ घेऊन परतले तर पद्मावती दारातच उभी. "फिर लगाए क्या, अम्मा? टेंपरेचर चढ रहा."

"कौन लगाएगा? ताई तो बाहर बैठी हैं."

इंदुताई समोरच्या बाकावर जप करत होत्या. मी आत गेले. त्या गारठ्यात सुंठेचा उग्र वास भरून राहिला होता. सुधीरच्या दोन्ही तळपायांवर पिवळट पट्टे होते, तीन-तीन. मी पर्समधली डबी काढली. झाकण घट्टच होतं, पण सुंठ बोटभर खाली गेली होती.

सासूबाईंची उजव्या हाताची करंगळी लहानपणी उसाच्या चरकात गेली होती. आणि त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी बाहेर येऊन ताईंना सांगितलं. त्यांनी जपमाळ कपाळाला लावली. चेहरा उजळला त्यांचा! "बाबांना झटका आला तेव्हा आईनेच सुंठ चोळून परत आणलं होतं. आली असेल. येऊ दे तिला."

"अहो ताई, ऊब मिळाली तर तो जाईल!"

"आई कधी लेकराचं वाईट करते का?"

सासूबाई वाईट करत नव्हत्या, हेच तर भयंकर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वीज गेली. एसी थांबला. पद्मावती बर्फ आणायला धावली. खिडक्यांना जाड पडदे, त्यामुळे खोलीत काळोखी. बॅटरीवरच्या यंत्रातला तापमानाचा आकडा तेवढा दिसत होता. आणि तेवढ्यात आवाज आला... खस्... खस्... कोरडा तळवा कातडीवर घासल्यासारखा. सुंठेच्या वासाने माझे डोळे चुरचुरले. आकडा वर सरकला. पुन्हा सरकला.

"आई..." मी पलंगाच्या पायथ्याशी टेकले. "नका ना. गेला नाहीये तो. मुद्दाम गार ठेवलाय त्याला..."

आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. हयातीत त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं, आता कुठलं ऐकतात! पण आकडा चढतच होता. मी चपला काढल्या आणि माझे पाय त्याच्या पायांशेजारी पलंगावर ठेवले.

"मीही गार पडलेय, आई. चोळायचेच तर माझे चोळा... माझ्या लेकराच्या बापाला सोडा."

खस्-खस् थांबली. मग माझ्या तळपायाला काहीतरी कोरडं, कढत लागलं.

वीज आली तेव्हा आकडा उतरू लागला होता.

पुढे डॉक्टरांनी सुधीरला हळूहळू ऊब दिली. तो जागा झाला. पहिला शब्द "तन्वी", आमच्या लेकीचं नाव. आता दिलसुखनगरच्या घरात काठी घेऊन हिंडतो, उजव्या हाताने सही करायचा हट्ट धरतो. मी सुखात आहे, खरंच.

दुपारी जरा डोळा लागला की उठल्यावर माझ्या तळपायांवर तीन-तीन पट्टे असतात. सुरुवातीला मी ते पुसून टाकत असे. मग एकदा पट्टे पोटऱ्यांवर दिसले, परवा गुडघ्यांवर. सुधीर पायांना हात लावून दचकतो. "वंदना, किती गार आहेस गं..." मला तर काहीच गार लागत नाही.

डबी कपाटात कुलपात आहे. तळ दिसायला लागलाय. सुंठ संपली तर आई मला कशाने परत आणणार? काल मीच इंदुताईंना फोन केला.

"ताई, येताना सुंठ घेऊन या... जास्तच आणा."