‘लॅड्स’ची पाटी

"पाटी गेली!" मॅनेजर सकाळी सकाळी बंगल्यात ओरडत आला.

रेसच्या घोड्यांच्या त्या तबेल्यात नोकरांच्या खोलीवर ‘लॅड्स’ अशी पितळी पाटी होती. मालकांनीच हौसेने लावलेली. घोड्यांना खरारा करणारा प्रत्येक माणूस तिथे लॅड, मग त्याची साठी का उलटलेली असेना.

"त्या म्हाताऱ्या लॅडचंच काम," मॅनेजर म्हणाला. "काल रजेवरून माझ्याशी भांडला. दुपारच्या आत हाकलतो त्याला."

मालक खिडकीशी उभे होते, हात कोटाच्या खिशात. ते बाहेरच बघत राहिले.

सूनबाई घोड्यांची डॉक्टर. मुक्या जनावराचं दुखणं हुडकायची तिला सवय. तिने जाऊन दार पाहिलं. स्क्रूची भोकं लांबी भरून नीट बुजवली होती, वर रंगही होता, अजून ओला. पण दार काळं आणि रंग हिरवा. अंधारात लावला असावा. शिवाय चोर कधी भोकं बुजवत बसतो का?

म्हातारा गाठोडं बांधत होता. त्याला काय हाक मारावी हेच तिला सुचेना.

"लॅड म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"पोरगा. मालक मायेनं म्हणतात."

"राग नाही येत?"

"राग कसला? रोज मीच घासायचो ती पाटी."

मॅनेजरनेही तेच सांगितलं. "पोरगा. त्यात काय एवढं?"

सूनबाई तडक मालकांच्या खोलीत गेली.

"बाबा, पाटी तुम्ही काढलीत."

"कशावरून?"

"हिरवा रंग आपल्या खिडक्यांचा. आणि शब्द ज्याला बोचला, तोच पाटी काढणार. त्या दोघांना लॅड म्हणजे पोरगा एवढंच माहीत आहे. हा शब्द मुळात कुठून आला ते कुणालाच धड सांगता येत नाही, पण पूर्वी तो हलक्या कुळातल्या चाकराला लावायचे, हे काल जेवताना मी गंमत म्हणून सांगितलं. ऐकायला तुम्ही एकटेच होतात. खिशातला हात दाखवा."

नखं हिरवी होती.

"माझा बाप इथेच लॅड म्हणून मेला," मालक खाली बघत म्हणाले. "लाज वाटली म्हणून पाटी काढली. सकाळी तोंड उघडायची त्याहून जास्त लाज वाटली."

"म्हणून त्यांना चोर ठरू द्यायचं?"

मालक तसेच अनवाणी निघाले. म्हातारा फाटकाबाहेर पडला होता.

"दादा! थांबा, चोर मी आहे!"

म्हातारा चालतच राहिला. ही हाक आपल्याला असेल, असं त्याच्या मनातही आलं नाही. मालकांना धावत जाऊन त्याचा हात धरावा लागला.