कानातला भागवत

तोतरं बोलणारा माणूस शेवटचा कधी ऐकला, हे तेजल ढोमसेच्या पिढीत कुणालाच सांगता आलं नसतं. तोतरी माणसं संपली नव्हती. त्यांचं तोतरेपण ऐकू येणं संपलं होतं.

ज्याच्या त्याच्या कानात सुकर्ण होता. ज्वारीच्या दाण्याएवढं हे यंत्र शाळेत नाव घालतानाच बसवत. सुरुवातीला ते नुसता गोंगाट गाळायचं. पुढे समोरच्याचं अडखळणंही गाळू लागलं आणि शेवटी गाळलेल्या जागी शब्द भरू लागलं. या भरण्याला 'पूरण' म्हणत. बोलणाऱ्याची जुनी संभाषणं साठवायची, आता तो काय म्हणेल याचा अंदाज बांधायचा आणि तो त्याच्याच आवाजात ऐकवायचा, एवढंच ते तंत्र.

अशा काळात तेजल वाचा आणि श्रवण यांच्या विकारांची पदवी घेत होती. वर्गात मुलं मोजकीच. जो आजार कुणाला ऐकूच येत नाही तो शिकून करणार काय, असं वसतिगृहातल्या मुली विचारत. हळूहळू ती मेसमध्ये कडेच्या टेबलावर एकटीच जेवू लागली. संध्याकाळी लासलगावला वडिलांना, अण्णांना, फोन करायचा, तेवढंच तिचं मन मोकळं करणं. अण्णा कांद्याच्या लिलावात बोली पुकारत. आता ते घरीच असत. आई गेल्यापासून एकटेच. "माझं झ्याक चाललंय, तू अभ्यास कर," असं म्हणून ते फोन ठेवत.

तिसऱ्या वर्षी डॉ. नसरीन तांबोळींनी प्रात्यक्षिकाच्या तासाला सगळ्यांना सुकर्ण काढायला लावला. मॅडमचा खरा आवाज गेंगाणा होता. त्यांची टाळू जन्मतःच दुभंगलेली. मुलांना वर बघवेना. तास संपल्यावर तेजल मागे थांबली.

"मॅडम, पूरण चुकत नाही कधी?"

"चुकलं तर कळणार कुणाला? बोलणाऱ्याला वाटतं आपण बोललो, ऐकणाऱ्याला वाटतं आपण ऐकलं."

"आणि एखाद्याचे सगळेच शब्द हरवले तर?"

"तर सगळेच भरले जातील," मॅडम म्हणाल्या.

दिवाळीला ती घरी गेली. अण्णा ओट्यावर बसून भरभरून बोलत होते. सहज, त्यांचा खरा आवाज ऐकावा म्हणून तिने सुकर्ण काढला.

आवाज त्यांचाच होता. लिलावातले चढउतार, मध्येच घेतलेला दम, सगळं जागच्या जागी. शब्द मात्र एकही नव्हता. नुसती अक्षरांची रास पडत होती.

मेंदूच्या डाव्या बाजूला शब्दांचा अर्थ लावणारा भाग असतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला की माणूस सरसर बोलतो पण ते निरर्थक असतं, आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला उमगत नाही. हे उत्तर तेजलने परीक्षेत लिहिलं होतं.

"अण्णा, तुमचं नाव काय?" तिने विचारलं.

ते काहीतरी लांबलचक बोलले आणि तिच्याकडे बघत राहिले. तिने सुकर्ण घातला आणि पुन्हा तेच विचारलं. "भागवत ढोमसे. का गं, बापाचं नाव विसरलीस?" कानात अण्णा हसून म्हणाले. समोरचे अण्णा हसत नव्हते.

नाशिकच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, की इजा जुनी आहे; किती जुनी, ते सांगता येत नाही. मग रोजच्या फोनवरचं 'झ्याक चाललंय' कुठपर्यंत अण्णांचं होतं? तेजलने आठवून पाहिलं. जोड कुठेच सापडेना.

तांबोळी मॅडमनी फोनवर समजावलं. सरावाने थोडंफार परत येईल, पण त्यांच्या अवतीभोवतीच्या माणसांनी सुकर्ण काढून बोलायला हवं. खाणाखुणांनी, चित्रांनी, धीराने. तेजलने परीक्षेवर पाणी सोडलं आणि ती घरीच राहिली.

पण तिच्या एकटीने काय होणार? म्हणून ती पुंजाराम काकांकडे गेली. अण्णांचे बाजार समितीतले जुने सोबती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्यासोबत घरी येऊन, अण्णांसमोर बसून सुकर्ण काढला. थोडा वेळ ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी दाणा परत कानात बसवला.

"पोरी, आमचा भागवत इथं आहे," कानाला बोट लावून ते म्हणाले. "हाच राहू दे आम्हाला."



दुसऱ्या दिवशी ती अण्णांना मारुतीच्या पारावर घेऊन गेली. सोबती जमले होते. तिच्या कानात काही नव्हतं. अण्णा हातवारे करत जीव तोडून काही सांगत होते, आणि ऐकणारे मांडीवर थाप मारून हसत होते. कोणत्या विनोदाला, ते तिला कळायला मार्ग नव्हता. अण्णा बोलायचे थांबले. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

मग तेही हसले. जरा उशिराने.