एका दिवसाचा फरक

मुंबईचं वर्तमानपत्र नागपुरात सीताबर्डीच्या वाचनालयात दुसऱ्या दिवशी यायचं, आणि त्यातलं शेअरच्या भावांचं पान रोज कुणीतरी आधीच पळवलेलं असायचं. १९८३ च्या डिसेंबरात, एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी, वच्छलानं त्या पानाचं दुसरं टोक धरलं.

"सोडा जी, मी आधी आलो," पलीकडून आवाज आला.

"रोजच आधी येऊन राहिले तुम्ही! करता काय याचं?"

तो शालिकराम, शिक्षकांच्या निवृत्ती निधीतला हंगामी कारकून. निधीचा बहुतेक पैसा एका कापडगिरणीच्या आणि एका खतकंपनीच्या शेअरमध्ये होता. एक पडला तरी दुसरा तगतो, असं त्याचा सहा वर्षांचा तक्ता सांगायचा, आणि निधीचं मंडळ त्यावर निर्धास्त होतं. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या वच्छलाला असा तक्ता म्हणजे मेजवानीच. तिनं तक्त्याची वही मागून घेतली. मग तीन दुपारी चहा झाला, आणि वहीपेक्षा गप्पाच जास्त झाल्या.

चौथ्या दुपारी मात्र तिच्या कपाळावर आठी होती.

"गिरणीचा भाव या मुंबईच्या पेपरातून घेता. अन् खताचा?"

"आपल्या नागपूरच्या. तो ताजा भेटते ना, पण गिरणीचा भाव त्यात येत नाही."

"अन् तारीख कोणती टाकता?"

"ज्या दिवशी वाचतो त्या..." शालिकरामचा कप हातातच राहिला.

सहा वर्षं गिरणीचा भाव एक दिवस मागे चालला होता! वच्छलानं तो रकाना एक दिवस सरकवला, तर दोन्ही शेअर जोडीनं हलताना दिसले. शिवाय दर तिमाहीला ही जोडी घट्टच होत चालली होती. आता पडले तर दोघेही एकदम पडणार, असा तिचा अंदाज होता. आणि पुढच्याच महिन्यात शालिकराम कायम व्हायचा होता.

"मी सांगते मंडळाले... नवीन गणित आहे म्हणून. तुमचं नाव कशाले घ्यायचं?"

"नाही जी. चूक माही आहे, मीच सांगीन."

त्याच क्षणी वच्छला त्याच्या प्रेमात पडली. उगाच आडपडदा कशाला!

मंडळापुढे तो एकटा उभा राहिला. अध्यक्ष गोपाळराव, निवृत्त हेडमास्तर, कडाडले, "सहा वर्षं काहून नाही दिसलं?" शालिकरामनं मान खाली घातली नाही. वही उघडून चूक दाखवली, मग वच्छलाचा अंदाज वाचला. मंडळानं रकाना स्वतः सरकवून पाहिला. अखेर बहुतेक शेअर विकायचे ठरले. त्याच्या नेमणुकीचा कागद मात्र अडकला.

मार्चमध्ये दोन्ही शेअर एकाच आठवड्यात धाडकन कोसळले. सातशे शिक्षकांची म्हातारपणची शिदोरी वाचली! गोपाळरावांनी भरसभेत टाळ्यांच्या गजरात नेमणुकीचा कागद शालिकरामच्या हातात ठेवला.

तो धावतच पायऱ्यांवर आला. तिथं वच्छला उभी होती.

"परमनंट झालो! हा कागद पहिले कोणाले दाखवू — तुमच्या बाबांले, का माह्या?"

ती लाजली... पण हटली नाही. "पहिले मले तर विचारा!"

त्यानं विचारलं, सभेतून बाहेर पडणाऱ्या झाडून साऱ्या मास्तरांसमोर, खणखणीत आवाजात. आणि वच्छलाचा "हो" त्याहून मोठा होता.