साड्यांचं कुंपण

नवेगाव बांधच्या तलावाची पातळी रोज सकाळी मोजायची, हे काम मी एकतीस वर्षं केलं. त्यामुळे डोळ्यांना दिसतं आणि पट्टीनं मोजता येतं, तेवढंच मी खरं मानतो. आमच्या परसातली कोचई, म्हणजे अळूचे कंद, रानडुकरांनी उकरली तेव्हाही मी आधी खुरांचे ठसे मोजले. पाच जनावरं होती, त्यात दोन पिल्लं. बारापैकी चार सऱ्या गेल्या होत्या.

ती कोचई माझ्या बायकोनं, शकुंतलानं, जेठात लावली होती. श्रावणात ती स्वतःच गेली. गोंदियाच्या दवाखान्यात नऊ दिवस मी तिच्या उशाशी बसून होतो. दहाव्या दिवशी चहा प्यायला खाली उतरलो, आणि तेवढ्यात सगळं आटोपलं. "बाई तुम्हाला हाका मारत होत्या," असं नर्सनं सांगितलं. त्या चहाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

म्हणून उरलेल्या आठ सऱ्या मला वाचवायच्याच होत्या. तिच्या हातानं लावलेलं आणि अजून वाढत असलेलं तेवढंच होतं.

शेजारचा बिसराम म्हणाला, "जुनी लुगडी बांधा ना चहूकडून. डुकरं बाईमानसाच्या कपड्याले भेतेत."

आमच्याकडे धानाच्या शेतालाही लोक साड्या बांधतात. माझ्याकडे होत्या त्या तिच्याच. मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, वाटून टाकावेत, असं मुलगी खुशबू तेराव्यापासून सांगत होती. मी पेटी उघडलीच नव्हती. आता उघडली आणि अकराही साड्या खांबाखांबाला ताणून बांधल्या. बांधताना प्रत्येकीचा वास घेतला. त्यात लाज कसली?

डुकरं थांबली. ठसे कुंपणाच्या बाहेर हातभर अंतरावर येत आणि तिथूनच माघारी फिरत.

आठवड्यानं बिसरामनं विचारलं, "मोबाइलमंदी वहिनीचा आवाज भरला का जी? पहाटे हुर्र हुर्र करून राहिली."

डुकरं हाकलायला लोक भोंग्यावर कसले कसले आवाज लावतात, पण तिचा आवाज माझ्याकडे कशातच नाही. मी तसं सांगितलं. बिसराम पुढचे दोन दिवस माझ्या अंगणाकडे फिरकला नाही.

त्याची बायको धनवंता मात्र तोंडावर बोलणारी. "आमी दोघंबी आयकतो, भाऊजी. पल्याडच्या घरची उदारामची मायबी आयकते. तुमालेच काऊन नाही आयकू येत?"

माझे कान शाबूत आहेत. शेजारी भांडं पडलं तरी मला जाग येते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास मी परसात बाज टाकून बसलो. तलावाकडून धुकं येत होतं. ओल्या साड्यांचा वास सुटला होता. पाचही जनावरं आली, साड्यांपाशी थांबली, कान उभे केले आणि बिचकून जंगलाकडे पळाली. मला काहीच ऐकू आलं नाही.

खोटं कशाला सांगू, मला त्या डुकरांचा हेवा वाटला. तिचा आवाज मला एकदा, फक्त एकदा ऐकायचा होता.

मग शहाण्या माणसानं करू नये ते मी केलं. मधली निळी साडी सोडली आणि डुकरांना आत यायला वाट करून दिली. कोचई उकरली गेली तर ती जिवाच्या आकांतानं ओरडेल आणि मला ऐकू येईल, असं वाटलं.

तिसऱ्या पहाटे डुकरं आत शिरली. एक सरी गेली. दुसरी गेली. कंद चावल्याचा करकर आवाज येत होता. मी बाजेवर बसून होतो, हात गुडघ्यांवर दाबून. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी त्यांना हाकललं नाही.

तिसऱ्या सरीत जनावरं थबकली.

कान उभे झाले.

या वेळी पळाली नाहीत. एकेक पाऊल मागे सरकत बाहेर गेली. पाचही जणांची नजर माझ्या बाजेच्या मागे होती.

मी वळून पाहिलं. मागे काही नव्हतं.

कुंपणापलीकडे धनवंता शेणाची पाटी घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"आज डुकराले नाही ओरडत, भाऊजी. तुमाले हाका मारून राहिली. 'खुशबूचे बाबा, खुशबूचे बाबा' म्हणून."

"कोठून?"

तिनं माझ्या खांद्याकडे बोट दाखवलं.

मी तिकडे तोंड केलं आणि ओ दिली. "ओ! शकुंतला, ओ! मी अठीच आहो!" एवढ्या मोठ्यानं दिली की पलीकडच्या घरातली माणसं दारात आली.

धनवंतानं डोळ्यांना पदर लावला.

"भाऊजी," ती म्हणाली, "विचारून राहिली, तुमी ओ काऊन नाही देऊन राहिले?"